न्हाणीच्या पेलेट बंबात मका: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

ठिकाण बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, घरामागचा परस. न्हाणीच्या भिंतीला लागून, पण भिंतीबाहेर, तीन बाजूंनी उघडी पत्र्याची शेड. तिच्यात पेलेटची (दाबलेल्या भुशाच्या कांड्यांची) शेगडी आणि शेगडीवर ६० लिटरचा जुना तांब्याचा बंब. बंबाच्या मधली धुराची नळी होती तशीच आहे. पूर्वी तिच्यात वरून लाकडाच्या ढलप्या आणि शेण्या टाकत, आता खालून शेगडीची आच जाते.

मापं एकदाच लिहून ठेवतो, पुढे प्रत्येक वेळी सांगणार नाही. पेटी १६ किलो पेलेटची. तिच्या तळातून ५० मिलिमीटर व्यासाचा, ४० मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) स्क्रू तिरपा वर चढतो आणि माल बर्नपॉटमध्ये टाकतो. बर्नपॉट म्हणजे जळण जिथे पेटतं ते भांडं, त्याला इथे आम्ही वाटीच म्हणतो. स्क्रूची गिअर मोटर मिनिटाला २ फेरे घेते. टायमर ४ सेकंद चालू, ४ सेकंद बंद. वाटी ३ मिलिमीटर लोखंडी पत्र्याची, आतून १०० मिलिमीटर रुंद, ७० मिलिमीटर खोल, तळाला ४ मिलिमीटरची २४ भोकं. खालून हवा देणारा ब्लोअर १२ व्होल्टचा, वेग कमी-जास्त करायला नॉब. धुराडं १०० मिलिमीटरचं जस्ती पाइप, वळचणीच्या वर अडीच मीटर.

जळण लाकडी भुशाचे ८ मिलिमीटरचे पेलेट. सकाळी अडीच तास शेगडी चालते, साधारण ३ किलो जळतं.

काम असं: बैलहोंगलकडून आलेला दोन क्विंटल मका पडून आहे. काढणीत भिजलेला, बुरशी धरलेला. बाजारात उठत नाही आणि गोठ्यात घालायची सोय नाही. तो पेलेटमध्ये मिसळून किती प्रमाणात जळतो ते बघायचं. चांगला दाणा जाळायचा प्रश्नच नाही. का, ते हिशेबाच्या नोंदीत येईल.

१२ नोव्हेंबर

पहिलं काम निवडण्याचं. गुलाबी किंवा लाल रंग चढलेला एकही दाणा शेगडीत जाता कामा नये. ते बियाणं असतं, त्यावर बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेलं असतं, जळताना त्याचा धूर विषारी. पेरणीतून उरलेली पिशवी कुणीतरी पोत्यात रिकामी करतं आणि मग सगळं पोतं संशयाचं होतं. आमच्या एका पोत्यात मूठभर गुलाबी दाणे निघाले. ते पोतं बाजूला काढलं, वेचत बसलो नाही. साठवणीत किडीसाठी धुरीच्या गोळ्या वापरल्या असतील तर पोती उघडून वाऱ्यावर ठेवायची आणि गोळीच्या पुडीची राख शोधून काढून टाकायची.

बुरशीचा मका चाळताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट. एन-९५ मास्क लावून, वाऱ्याकडे पाठ करून चाळायचं. चाळणीखालचा भुसा कोंबड्यांना टाकायची हाताला सवय असते, ती इथे मोडायची. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष अंड्यातून, दुधातून परत आपल्याच ताटात येतं.

दोन चाळण्या. वरची १२ मिलिमीटरची: कणसाचे तुकडे, सुतळी, खडे वर राहतात. खालची ४ मिलिमीटरची: तुकडा, तूस, किडीचा भुसा खाली पडतो. दाण्याच्या बुडाशी असलेलं ते पातळ तांबूस तूस निरुपद्रवी दिसतं, पण स्क्रूच्या खालच्या टोकाला साठून त्याची घट्ट वडी होते. ४० किलोमागे जवळपास २ किलो कचरा निघाला.

ओलावा: आला तेव्हा व्यापाऱ्याकडच्या मीटरवर १७ टक्के. ताडपत्रीवर बोटभर जाडीत पसरून, दिवसातून चारदा पाय फिरवून, दोन दिवसांत १३ वर आला. १०० किलोचा साडेपंच्याण्णव किलो भरला, हिशेबही तेवढाच येतो (८३ भागिले ०.८७), म्हणजे मीटर खोटं बोलत नाही. मीटर नसेल तर कोरडी काचेची बरणी घ्या, तिसरा हिस्सा मका भरा, वर दोन-तीन चमचे तव्यावर तापवून गार केलेलं मीठ घाला. मिनिटभर हलवून पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ च्या वर आहे, अजून वाळवा. चिकटलं नाही तर चालेल, पण जाळायला १३च्या आसपासच बरा.

बाजारात विचारताना मका म्हटलं तरी कळतं, पण बैलहोंगल-सौंदत्तीच्या पेठेत कन्नडमधलं ‘गोविनजोळ’ म्हटलं की बोलणं लवकर संपतं.

१६ नोव्हेंबर

मिसळण्याआधी नुसत्या पेलेटवर मोजमाप. पाणी २१ अंशांवरून ६० अंशांवर, ६० लिटर. वेळ ५४ मिनिटं, जळण १ किलो ५० ग्रॅम. पाण्यात गेलेली उष्णता ९.८ मेगाज्यूल (उष्णता मोजायचं एकक). पेलेटची किलोला १७.५ धरली तर १८.४ मेगाज्यूल जाळले, म्हणजे शेगडी आणि बंब मिळून ५३ टक्के हाती लागले. उघड्या शेडमधल्या विनावेष्टनाच्या बंबाला ठीक.

मग स्क्रूचं माप घेतलं. वाटी काढून खाली डबा ठेवला, आच नाही, १० मिनिटं चालवलं. पेलेट २०० ग्रॅम पडले. नुसता मका २३० ग्रॅम. इथेच बरेच जण चुकतात. मक्यात किलोमागे उष्णता कमी, साधारण १६ मेगाज्यूल, म्हणून स्क्रूचा वेग वाढवतात. पण स्क्रू किलोत मोजत नाही, आकारमानात मोजतो. लिटरभर मका ७२० ग्रॅम भरतो, आमचे पेलेट ६३० ग्रॅम. लिटरमागे मका ११.५ मेगाज्यूल, पेलेट ११. तेव्हा मका मिसळला तरी टायमरला हात लावायचा नाही. वेग वाढवला की वाटी तुडुंब भरते, आच दबते आणि दोष मक्यावर येतो.

वेगळं काय ते हवेचं आणि वेळेचं. पेलेट म्हणजे दाबलेला भुसा. तापला की सुटतो आणि चटकन पेट घेतो. दाण्याला टणक साल असते. तो आधी फुगतो, मग काळा पडतो, मग त्यातला वायू पेटतो आणि शेवटी कोळसा जळतो. वाटीत तो जास्त वेळ बसतो. लाह्या फुटत नाहीत. हा लाह्यांचा मका नव्हे.

१९ नोव्हेंबर

वजनाने १० टक्के मका. अडीच तासांत फरक जाणवला नाही. राख जरा जड, करडी, बोटाने चुरडली जाते. रोज वाटी झाडली तर या प्रमाणात काही करायची गरज नाही.

२४ नोव्हेंबर

२५ टक्के. पहिला तास चांगला. दुसऱ्या तासाला ज्योत पिवळी आणि आळशी झाली, पाणी ५० अंशांवर अडकलं. शेवटी विझवून वाटी उलटी केली तर तळाला चिकटलेली एक वडी निघाली: सहा सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर जाड, वरून हिरवट-काळी काच, मोडल्यावर आत बुडबुड्यांची भोकं. २४ पैकी १४ भोकं तिने बुजवली होती. वीटभट्टीवर जास्त आच लागलेल्या विटा एकमेकींना चिकटून होतो तो खंगर, अगदी तोच. इथल्या कौलांच्या भट्ट्यांवर काम केलेल्याला नाव सांगावं लागत नाही.

तीन किलो जळणात मका ७५० ग्रॅम. मक्याची राख सव्वा-दीड टक्का धरली तर जेमतेम १० ग्रॅम. पेलेट सव्वादोन किलो, आमच्या वजनात त्यांची राख २ टक्के, म्हणजे ४५ ग्रॅम. तेव्हा राख वाढलेली नाही, तिचा गुण बदललाय. मक्याच्या राखेत पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर. ती ८०० अंशांच्या आत-बाहेरच मऊ पडते. वाटीच्या तळाशी आच त्याहून जास्त असते. भुशाच्या पेलेटमध्ये सालीबरोबर आणि मिलच्या जमिनीवरून थोडी माती येते, म्हणजे वाळू. एकटी ती वितळली नसती. मक्याची १० ग्रॅम राख तिच्यात सोनाराच्या सवागीसारखं (टाकणखारासारखं) काम करते आणि ४५ ग्रॅमला सोबत घेऊन वितळते.

यावरून पेलेट कोणते घ्यायचे तेही ठरतं. स्वच्छ लाकडी भुशाचे असतील तर मका खपतो. उसाच्या चिपाडाच्या पेलेटमध्ये वाळूचा अंश मुळातच जास्त, त्यांच्याबरोबर खंगर लवकर धरतो. तंबाखूच्या काड्यांचं जळण निपाणी भागात स्वस्त मिळतं, पण त्यात पोटॅशियमही जास्त आणि क्लोरीनही; मक्याच्या जोडीला ते नकोच.

गरम खंगर काढायला जाऊ नका. लाल असताना तो डिंकासारखा ओढला जातो आणि भोकात आणखी खोल बसतो. वाटी पूर्ण गार झाली की छिन्नीच्या एका ठोक्यात सुटतो.

१ डिसेंबर

उपाय शिंपल्यांचा. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो, अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून घालतात तो. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आचेत त्याचा चुना होतो, आणि चुन्यातलं कॅल्शियम फॉस्फरसला धरून ठेवतं. जे संयुग बनतं ते वाटीतल्या आचेला वितळत नाही. पोटॅशियम राहतंच, पण त्याचा जोडीदार काढून घेतलेला असतो.

प्रमाण मक्याच्या वजनाच्या १ टक्का: किलोभर मक्याला १० ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे. पहिल्या दिवशी फरक दिसला पण पुरेसा नाही. वडी झाली, पातळ. २ टक्क्यांवर नेलं आणि वडीची जागा भरभरीत, पांढरट, बोटाने मोडणाऱ्या पोळीने घेतली. भोकं २४ पैकी २१ मोकळी. २ टक्के कायम. त्यापुढे नुसती राख वाढते.

चुऱ्याचा आकार महत्त्वाचा. १ ते २ मिलिमीटर. याहून मोठे तुकडे न बदलता खाली पडतात. पीठ असेल तर ब्लोअर ते उडवून बंबाच्या नळीला पांढरा मुलामा देतो. पानाचा चुना किंवा भिंतीचा चुना वापरायचा मोह होतो, घरात असतोच. पण तो पीठच आहे, उडतो आणि डोळ्यात गेला तर महागात पडतं.

पुढची अडचण: चुरा पेटीत तळाला बसतो. मोटरच्या थरथरीने बारीक आणि जड माल खाली सरकतो; पहिल्या अर्ध्या तासात सगळा चुरा जातो आणि नंतरच्या मक्याला काहीच उरत नाही. म्हणून मका आधी वेगळा पाटीत घ्यायचा, दर ५ किलोला एक टेबलचमचा तळणीचं उरलेलं तेल शिंपडून हाताने घोळायचा, मग चुरा टाकून पुन्हा घोळायचा. चुरा दाण्याला चिकटून राहतो आणि मक्याची धूळही बसते. एक चमच्याहून जास्त तेल नको, दाणे स्क्रूत घसरतात आणि माप बिघडतं. हा घोळलेला मका मग पेलेटमध्ये मिसळायचा, तोही पेटीत नव्हे, बाहेर ताडपत्रीवर फावड्याने तीनदा उलटसुलट करून.

११ डिसेंबर

पत्र्याची वाटी वाकली. दोन महिन्यांची होती. तळ मध्ये खाली आला, भोकं अंडाकृती. नवी बिडाची ओतून घेतली. बेळगावात राहण्याचा एक फायदा हा, की उद्यमबागेत नाहीतर मच्छ्याला गेलं की ओतकामाला माणूस सापडतो. अडचण एवढीच की दोन किलोच्या एका नगासाठी कुणी साचा लावत नाही. दुसऱ्या ओतकामात जागा असेल तिथे बसवून घ्यावं लागतं. लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा ज्यावरून घेतात तो नमुना, आपणच करून नेला.

पॅटर्नला १ टक्का वाढ द्यायची, बीड गार होताना तेवढं आकसतं. आत १०० मिलिमीटर हवं तर पॅटर्न १०१ चा. बाजू आणि तळ ८ मिलिमीटर जाड. बाजूंना बाहेरून थोडा उतार, म्हणजे पॅटर्न वाळूतून न मोडता निघतो. भोकं ओतून घ्यायची नाहीत, वाळूचे दांडे तुटतात. नंतर ड्रिल करायची. तळाला ५ मिलिमीटरची २४. प्रत्येक भोक खालच्या अंगाने ८ मिलिमीटरच्या ड्रिलने अर्ध्या जाडीपर्यंत मोठं केलं. वरून अरुंद, खाली रुंद असं झाल्याने भोकात शिरलेली राख अडकत नाही, खाली गळते. जुन्या वाटीत सरळ भोकं होती आणि रोज खिळा घेऊन बसावं लागायचं. शिवाय बाजूला, तळापासून ३५ मिलिमीटर उंचीवर ४ मिलिमीटरची ८ भोकं. मक्याचा वायू वरच्या थरात जळतो, त्याला तिथे हवा लागते.

ढवळणी बसवली. तळापासून १५ मिलिमीटरवर आडवा दांडा, वाटीच्या दोन्ही बाजू भेदून, त्यावर तीन बोटं. ८ मिलिमीटर स्टेनलेस स्टीलच्या ३१० प्रतीचा. आधी ३०४ चा घातला होता, तो चौथ्या दिवशी केळीसारखा वाकला. ढवळणीची मोटर वाटीपासून १५० मिलिमीटर लांब आणि ब्लोअरच्या हवेच्या वाटेत, नाहीतर तिचं ग्रीस वितळतं. मिनिटात १० सेकंद फिरते. सतत फिरवली तर निखारा मोडून खाली पडतो, अर्धवट जळालेले दाणे राखेत दिसतात.

ब्लोअरचा नॉब ५५ वरून ६५ टक्क्यांवर. बेळगाव भाग समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, हवा आठेक टक्के विरळ. परदेशी शेगड्यांच्या पुस्तिकेतली सेटिंगं इथे जशीच्या तशी लागत नाहीत, त्यात मक्याला हवा मुळात जास्त हवी.

१५ डिसेंबर

५० टक्के. एकदा करून पाहायचं होतंच.

पेटायलाच तयार नाही. हीटरने पेलेट तीन-चार मिनिटांत धरतात, मका नुसता भाजल्याचा वास सोडतो. वाटीत आधी दोन मुठी पेलेट घालून पेटवलं. चाललं, पण ज्योत उंच-ठेंगणी होत राहिली, कारण स्क्रूतून कधी सलग मकाच येतो, कधी सलग पेलेट. राखेत आख्खी काळी सालं. पाणी ६० अंशांवर यायला ७२ मिनिटं. चुरा २ टक्के असूनही ढवळणीच्या बोटांवर काचेची टोपी चढली. ढवळणी तिसऱ्या तासात अडली.

या शेगडीला २५ टक्के ही हद्द. नुसता मका जाळणाऱ्या शेगड्या असतात, त्यांची वाटी खोल, ढवळणी दणकट आणि हवा वेगळी. पेलेटची शेगडी म्हणजे ती नव्हे.

यातून दोन सवयी लागल्या. सुरुवात नेहमी निखळ पेलेटने, अर्धा किलो. आणि शेवटची १५ मिनिटंही निखळ पेलेट, म्हणजे विझताना स्क्रूच्या वरच्या टोकात मका राहत नाही. तापलेल्या टोकात राहिलेला दाणा फुगतो, त्यातली साखर-स्टार्च गुळासारखी चिकटते आणि दुसऱ्या दिवशी मोटर हुं हुं करत उभी. पेटीच्या कडेला खडूने रेघ मारली आहे, त्या रेघेखाली फक्त पेलेट.

२१ डिसेंबर

वीज गेली, चालू शेगडीत. ब्लोअर थांबला, हवा थांबली, वाटी तशीच लाल. धुराला वर ओढ राहिली नाही आणि तो स्क्रूच्या नळीतून मागे पेटीत शिरला. झाकणाच्या फटीतून पिवळा दाट धूर. आणखी दहा मिनिटं गेली असती तर आच स्क्रूतून चढून पेटीतल्या मालाला लागली असती.

वायरिंग बदललं. ब्लोअर आता कायम १२ व्होल्ट, २६ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर, चार्जर तिला जोडलेला. ब्लोअर दीड अँपिअर ओढतो, वाटी विझायला वीस मिनिटं पुरतात, बॅटरी कित्येक पट मोठी आहे. स्क्रूची मोटर मुद्दाम थेट विजेवर ठेवली. वीज गेली की जळण बंद, हवा चालू. वाटीतलं जळून जातं आणि संपतं. स्क्रूलाही बॅटरी द्यायची सूचना आली होती, सोयीची वाटते, पण मग वीज गेल्याचं कुणाला कळतच नाही आणि बॅटरी उतरली की पुन्हा तोच प्रकार. स्क्रूच्या नळीवर, पेटीपासून १०० मिलिमीटरवर, ७० अंशांचं थर्मल स्विच. आच मागे आली की मोटर कापतो. झाकणाला सिलिकॉनची पट्टी.

शेगडी बंद न्हाणीत ठेवायची नाही, थंडीचं कारण सांगूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. धुराडं असलं तरी असल्या दहा मिनिटांत ते निकामी होतं.

१९ जानेवारी २०२५

धुराड्याच्या पहिल्या कोपराखाली जस्ती पाइपला भोक पडलं. दोन महिने. आतून पांढरी पूड, तिच्याखाली तांबूस गंज. ती पूड पाण्यात कालवून लिटमस बुडवला, लाल, म्हणजे आम्ल.

मक्यात प्रथिनं नऊ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नायट्रोजन लाकडाच्या कितीतरी पट, क्लोरीनही जास्त. धूर गरम असेपर्यंत बिघडत नाही. पण सकाळी बंबात २०-२१ अंशांचं पाणी असतं, नळीची भिंत तेवढीच गार, आणि धुरातली वाफ तिच्यावर घाम धरते. त्या घामात आम्ल विरघळतं. बंबाच्या तांब्याच्या नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं तर मोरचुदाच्या रंगाचा ओलसर थर लागतो. तांबं किती झिजतंय ते या रंगावरून कळतं.

उपाय: धुराडं स्टेनलेस ३१६ चं केलं, वळचणीपर्यंतच, वरचा भाग जुनाच. सुरुवातीचा अर्धा किलो निखळ पेलेट इथेही कामाला येतो. पाणी ४० अंशांच्या आसपास चढेपर्यंत मका येतच नाही, घाम धरायच्या वेळी धूर त्यातल्या त्यात सौम्य असतो. बंबाची नळी रोज संध्याकाळी तारेच्या नव्हे, काथ्याच्या ब्रशने झाडायची. तारेने तांबं खरवडतं. राख रोज काढायची. रात्रभर राहिलेली राख हवेतलं पाणी ओढते आणि बिडाच्या वाटीलाही खाते.

राखेचं: खानापूरच्या जांभ्या, आंबट जमिनीत ती चालते. पोटॅश, स्फुरद आणि वर शिंपल्यांचा चुना. केळीच्या बुंध्यापासून हातभर लांब, आठवड्याला दोन मुठी, मातीत मिसळून. गोकाककडच्या काळ्या, आधीच चुनखडीच्या रानात टाकू नये.

२ फेब्रुवारी

हिशेब. पेलेट घरपोच १२ रुपये किलो पडले. चांगल्या मक्याचा २०२४-२५ च्या खरिपाचा हमीभाव क्विंटलला २२२५ रुपये, म्हणजे किलोला सव्वाबावीस. मेगाज्यूलमागे पेलेट ६९ पैसे, चांगला मका १ रुपया ३९ पैसे. दुप्पट. भाव पडलेल्या आठवड्यात कुणी म्हणालं की मका जाळलेला परवडतो, तर हा आकडा पुढे ठेवावा.

खराब मका ८ रुपयांनी धरला, तेवढ्यावर तो खाद्यवाल्याने मागितला होता. मेगाज्यूलमागे ५० पैसे. २५ टक्के मिश्रणाचा किलो ११ रुपयांना, उष्णता १७.१ मेगाज्यूल. रोजच्या ३ किलो पेलेटला ३६ रुपये लागायचे, तेवढ्याच उष्णतेला मिश्रण ३ किलो ७० ग्रॅम, ३३ रुपये ७५ पैसे. शिंपल्यांचा चुरा पंधरा-वीस पैशांचा. दिवसाला दोन रुपये वाचले. वाटी, ढवळणी आणि स्टेनलेस पाइपचा खर्च यातून निघायला वर्षं लागतील. पैशासाठी कुणी या वाटेला जाऊ नये. गुरांना घालता येत नाही आणि उकिरड्यावर टाकला तर डुकरं येतात, असा माल घरात असेल तरच.

दाणे काढलेली कणसं मात्र शेगडीत घालायचा खटाटोप करू नका. ती चुलीत नुसती सारली तरी झकास जळतात.

२९ जून

पावसाने सगळं बदललं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की परसातलं काहीच वाळत नाही. पोत्यात ठेवलेला १३ टक्क्यांचा मका तीन आठवड्यांत १७ वर. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असली की मका तिथेच येऊन थांबतो, कितीही वाळवून आणा. पेलेटचं त्याहून वाईट. फुगतात, आडव्या चिरा जातात, हातात घेतला की भुसा.

स्क्रू दोनदा अडला. दोन्ही वेळा खालच्या टोकाला: भुसा, तूस आणि ओला मका यांची वडी. मोटरचा गिअर वाचला तो पिनेमुळे. मोटर आणि स्क्रूच्या मध्ये ४ मिलिमीटरची पितळी पिन आहे, अडलं की ती तुटते. पोलादी घालू नये, मग गिअरचे दात जातात. सुटी पिन झाकणाच्या आत चिकटवून ठेवली आहे. अडलेला स्क्रू उलटा फिरवून सुटतो, पेटी रिकामी केल्यावर. भरलेल्या पेटीत उलटा फिरवला तर वडी आणखी दाबली जाते.

साठा आता झाकणाला रबरी रिंग असलेल्या २०० लिटरच्या प्लास्टिक पिंपात. एका पिंपात मका १४० किलो मावतो. भरण्याआधी पुन्हा वाळवलेला पाहिजे. ओला मका बंद पिंपात आतून तापतो. हात घातला की कोमट लागतो, वर सोंडकिडे चढून येतात. मे महिन्यात वाळवून बंद केलेलं पिंप आज उघडलं, मिठाच्या चाचणीत पास. पोत्यातलं नापास.

पेटीत रात्री माल ठेवायचा नाही. सकाळपुरता भरायचा, संपवायचा.

१३ जुलै

पावसाळ्याची सेटिंगं ठरली. मका १५ टक्के, २५ नाही. चुरा २ टक्केच. ब्लोअर ७० वर, ओल्या हवेत ज्योत मंद राहते. टायमर तसाच, ४ आणि ४. सुरुवातीचे निखळ पेलेट अर्ध्याऐवजी पाऊण किलो, कारण पाणी १९ अंशांवर येतंय. ढवळणीची बोटं आठवड्यातून एकदा काढून ठोकायची. बिडाची वाटी सात महिन्यांनी मोजली: तळ ८ चा साडेसात, भोकं गोलच आहेत. ३१६ च्या कोपरात काजळी, गंज नाही. कोपर आणि जुना जस्ती पाइप यांच्या सांध्यातून मात्र तपकिरी पाणी गळतंय, तो सांधा उलटा बसलाय. वरचा पाइप खालच्याच्या आत जायला हवा, बाहेरून नाही. उघडीप मिळाली की काढून फिरवायचा.